अठरा कचेरीचे खांब

मी बंगळुरूहून बोलतोय. माझी सगळी नोकरी फौजेच्या इंजिनिअर्स शाखेत झाली. पूल बांधले, रस्ते बांधले, बरॅकी तर विचारू नका. त्यामुळे कुठलीही इमारत समोर आली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, वजन कोण पेलतंय? इमारत सुंदर आहे का, हा प्रश्न दुसरा. आजचा विषय रोमन वास्तुकला, तिचा आराखडा आणि तिची सजावट. रोमला जायची गरज नाही. कब्बन पार्कला एक फेरी मारली तरी पुरे.

सुरुवात एका फौजी माणसापासून करतो. व्हिट्रुव्हियस हे नाव वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. रोमन काळातला वास्तुकलेवरचा एकच मोठा ग्रंथ आज आपल्या हातात आहे, तो याचा. दहा भागांचा हा ग्रंथ सम्राट ऑगस्टसला अर्पण केलेला आहे. पण व्हिट्रुव्हियस मूळचा कोण? दगड आणि बाण फेकणाऱ्या यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा लष्करी इंजिनिअर. ते तो स्वतःच प्रस्तावनेत सांगतो. आणि ते त्याच्या लिखाणात दिसतंही. टस्कन खांबाची उंची बुडाच्या जाडीच्या सातपट, असा हिशेब तो देतो. एकदा खांबाची जाडी ठरली की बाकीची मापं त्यातूनच निघायची. हे वाचताना मला कवायतीची पुस्तिका आठवते. माणूस कोणीही असो, पाऊल तीस इंचाचंच पडायचं.

आता गंमत बघा. भारतातल्या रोमन-ग्रीक वळणाच्या जुन्या सरकारी इमारती बऱ्याचदा आर्किटेक्टनी नव्हे, लष्करी इंजिनिअरांनी उभ्या केल्या. मुंबईचा टाउन हॉल, म्हणजे आपली एशियाटिक लायब्ररी, १८३३ साली पूर्ण झाला. तो कर्नल थॉमस काऊपरचा. समोरची टांकसाळ मेजर जॉन हॉकिन्सची. दोघेही बॉम्बे इंजिनिअर्सचे. इथे बंगळुरूत रिचर्ड सँकी, मद्रास इंजिनिअर्सचा, म्हैसूर राज्याचा मुख्य अभियंता. सँकी तलाव त्याच्याच नावाचा. अशा पद्धतशीर माणसांना मापांचं तयार कोष्टक मिळालं, ते त्यांनी वापरलं.

सँकीची मोठी इमारत म्हणजे अट्टारा कचेरी, आजचं कर्नाटक उच्च न्यायालय. बांधकामाचे कंत्राटदार आर्कोट नारायणस्वामी मुदलियार. १८६८मध्ये इमारत पूर्ण झाली. ‘अट्टारा’ हा शब्द कन्नड माणसाला कोड्यात टाकतो, मराठी माणसाला नाही. अठरा. अठरा खात्यांची कचेरी. सतराव्या शतकात चिक्क देवराज वोडेयरांनी कारभाराची अठरा खाती पाडली, तेव्हापासूनचं हे नाव असं सांगतात. आपल्याकडे शिवछत्रपतींचे अठरा कारखाने होतेच. म्हणजे नाव अस्सल इथलं आणि अंगरखा रोमचा.

ही कचेरी आधी कुठे भरत होती? टिपू सुलतानाच्या उन्हाळी महालात. तो महाल १७९१चा, बाजाराजवळ अजून उभा आहे. पुण्यातला किंवा वाईतला पेशवेकालीन वाडा पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. सागवानी खांब, वर निमुळते होत गेलेले, त्यांच्यावर नक्षीदार महिरपी. आपण त्यांना सुरूदार खांब म्हणतो. त्या खांबावर कोरीव काम आहे, पण आधी त्यावर छत आहे. खांब काढा, मजला खाली येईल. अशा महालातून कागदपत्रांचे गठ्ठे निघाले आणि लाल भिंतींच्या, आयोनिक खांबांच्या नव्या इमारतीत गेले. मध्यभागी एक पोर्च, दोन टोकांना दोन. तेवढे पोर्च सोडले तर ओझं जाड भिंतींवर आहे. खांब आहेत ते मुख्यतः दिसण्यासाठी.

इथे काही जण म्हणतील, मग ही नक्कल झाली, खरं रोमन नव्हे. माझं म्हणणं उलट आहे. हेच खरं रोमन. ग्रीकांच्या देवळात खांब खरोखर वजन घेतो. रोमन लोकांनी कमान आणि काँक्रीट हाताळायला घेतलं आणि खांबाला जवळजवळ निवृत्त केलं. पण निवृत्त माणसाला समारंभात पुढच्या रांगेत बसवतात ना, तसं केलं. रोमचं कलोसियम आठवा. इसवी सन ८०मध्ये खुलं झालं. प्रत्येक मजल्यावर ऐंशी कमानी, आणि सगळं वजन त्यांच्यावर. दोन कमानींमध्ये भिंतीला चिकटवलेले अर्धे खांब आहेत, खालच्या मजल्यावर टस्कन वळणाचे, मध्ये आयोनिक, वर कोरिंथियन. काम कमानीचं, मान खांबाचा. पाँपेईच्या बॅसिलिकाचे खांब तर चक्क विटांचे आहेत, वर गिलावा. तिथल्या घरांच्या भिंतींवर गिलाव्यातून संगमरवराचा भास केलेला आहे, आणि पुढे पुढे तर खांबच रंगवून टाकले आहेत. वजन एकाकडे आणि रुबाब दुसऱ्याकडे, ही सोय रोमनांनी पक्की केली.

त्या रुबाबाचा एक किस्सा सांगतो. कोरिंथियन खांबाच्या डोक्यावर पानांचा गुच्छ असतो. तो कसा आला, हे व्हिट्रुव्हियस सांगतो. एक मुलगी वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून थडग्यापाशी ठेवल्या आणि वर एक कौल झाकलं. खाली अकँथसचं मूळ होतं. वसंतात पानं फुटली, टोपलीला बिलगून वर आली आणि कौलाला अडून बाहेर वळली. कॅलिमाकस नावाच्या शिल्पकाराने ते पाहिलं आणि तसं खांबाचं डोकं घडवलं. खरं-खोटं देव जाणे. आपल्या वाड्यातल्या केळफुलाची कथा कोणी अशी लिहून ठेवली असती तर किती बरं झालं असतं!

कब्बन पार्कच्या कडेचं सरकारी संग्रहालय १८७७चं. त्याचे खांब याच कोरिंथियन घराण्यातले. आणि त्या खांबांमागे आहे आतकूरचा शिलालेख, इसवी सन ९४९चा. मनलेर नावाच्या योद्ध्याने तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केला. राजाने बक्षीस विचारलं, तर त्याने राजाचा शिकारी कुत्रा मागितला. त्याचं नाव काळी. पुढे हा कुत्रा एका रानडुकराशी झुंजला, दोघेही मेले, आणि कुत्र्यासाठी दगड उभा राहिला. विषय सोडून बोलतोय, पण हा दगड बघितल्याशिवाय परत जाऊ नका.

आता रंग. अट्टारा कचेरी, संग्रहालय, १९१५चं शेषाद्री अय्यर स्मारक वाचनालय, सगळी लाल. या छटेला पाँपेईचा लाल म्हणतात. अठराव्या शतकात पाँपेईचं उत्खनन सुरू झालं, तिथल्या लाल भिंती युरोपने पाहिल्या आणि तो रंग अभिजात ठरला. रोमन लोक लाल दोन प्रकारे आणत. स्वस्तातली काव आणि महागातला हिंगूळ. फाबेरियस नावाच्या एका कारकुनाने आपल्या घराच्या उघड्या चौकात हिंगूळ लावला. महिनाभरात उन्हाने काळवंडला आणि साहेबांना पुन्हा दुसरे रंग लावावे लागले. हेही व्हिट्रुव्हियसनेच लिहून ठेवलंय, आणि लिहिताना तो हसला असणार.

रंगाखालचा गिलावा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. व्हिट्रुव्हियस सांगतो, नदीची वाळू वापरत असाल तर तिच्यात एक तृतीयांश कुटलेली भाजकी वीट चाळून घाला, चुना चांगला धरेल. आपल्याकडचा कुठलाही जुना गवंडी याला सुरखी म्हणेल. कृष्णराजसागर धरण याच चुना-सुरखीवर उभं आहे. शेवटच्या थरांसाठी रोमन संगमरवराची पूड वापरत. मद्रासकडचे गवंडी शिंपल्यांचा चुना थरावर थर देऊन आरशासारखा घोटत. म्हणजे सँकीचा आराखडा पुस्तकातून आला, पण तो अंगावर चढवणारे हात इथले होते. त्यांना रोम माहीत असायचं कारण नव्हतं. चुना माहीत होता.

आणि आज दुरुस्ती कशाने होते? सिमेंटने. मला यावर बोलताना जरा आवाज चढवावासा वाटतो. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते, वीट मऊ पडते, आणि एक दिवस खांबाचं कातडं ढलपीसकट खाली येतं. मग म्हणतात, इमारत जुनी झाली, पाडा. अट्टारा कचेरीवर हीच वेळ आली होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती पाडायचा बेत झाला, लोक न्यायालयात गेले, आणि सुनावणी कुठे झाली? त्याच इमारतीत. इमारत वाचली.

तिच्या समोर, रस्त्यापलीकडे, विधान सौध आहे. केंगल हनुमंतय्या मुख्यमंत्री होते. एका रशियन शिष्टमंडळाने शहर पाहून विचारलं म्हणे, तुमची स्वतःची काही वास्तुकला नाही का? सगळं युरोपचंच दिसतंय. हा घाव त्यांना लागला. ते मुख्यमंत्री होण्याआधीच, १९५१मध्ये, पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली होती; १९५६मध्ये इमारत पुरी झाली. सगळं ग्रॅनाइट, सगळी नक्षी द्राविडी वळणाची. पण माझ्या पहिल्या प्रश्नाच्या नजरेने बघा. नक्षी क्षणभर बाजूला ठेवा. काय उरतं? उंच चौथरा, समोरून चढणाऱ्या रुंद पायऱ्या, चाळीस फुटी बारा खांबांची रांग, मध्यभागी घुमट. सजावट बदलली, आराखडा रोमच्या ओळखीचाच राहिला. हनुमंतय्यांना कमी लेखायला मी हे म्हणत नाही. मला ती इमारत आवडते. रेजिमेंटचा बिल्ला बदलता येतो, संचलनाचं मैदान सहजी बदलत नाही, एवढंच.

बंगळुरूच्या नव्या वसाहतींच्या फाटकांवरही हल्ली कोरिंथियन खांब असतात. मी बोटाने टकटक करून बघतो. फायबर. बायको म्हणते, लोक बघताहेत. पोकळ असल्याचं मला वावडं नाही, रोमनही तेच करत होते. पण सातपट-दहापट उंचीचा हिशेब तरी पाळा! तीनपट उंचीचा गलेलठ्ठ कोरिंथियन खांब म्हणजे पोट सुटलेला संत्री.

शेवटी टाउन हॉल. १९३५चा, दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या काळातला. उंच खांब आणि रुंद पायऱ्या. ग्रीक देवळाला चारही बाजूंनी पायऱ्या असतात, कुठूनही चढा. रोमन देऊळ चौथऱ्यावर असतं आणि पायऱ्या फक्त समोर. त्यामुळे समोर उभ्या गर्दीला एक दिशा मिळते, आणि वर उभ्या माणसाला व्यासपीठ. रोममध्ये कॅस्टरच्या देवळाच्या चौथऱ्यावरून पुढारी भाषणं करीत. बंगळुरूत कोणी कुणाला हे शिकवलं नाही, तरी कित्येक वर्षं कामगार, विद्यार्थी, शेतकरी, ज्याला सरकारला काही सांगायचं आहे तो टाउन हॉलच्या पायऱ्यांवरच जमायचा. फोटोत मागे खांब, पुढे फलक. राज्यकर्त्यांच्या रुबाबासाठी काढलेला आराखडा लोकांनी आपल्या कामाला लावला.

अलीकडे वाहतुकीची अडचण म्हणून आंदोलनांना दुसरी जागा नेमून दिली आहे, फ्रीडम पार्क. म्हणजे पूर्वीचं मध्यवर्ती कारागृह. तिथला कैद्यांवर नजर ठेवायचा जुना मनोरा मात्र नीट जपून ठेवलाय.