कोंबडी एकीची, रोग साऱ्या वस्तीचा

(सेलू तालुक्यातील एका आदिवासी वस्तीवर जानेवारी महिन्यात झालेल्या महिला बचत गटांच्या मेळाव्यातील भाषण. वाचकांच्या सोयीसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली तेव्हा कोंबडीच्या रोगाचा धडा त्यात नव्हता. तो धडा तुमच्या अंगणात बसून शिकले, आणि चुका करत शिकले. आज तोच तुम्हाला परत देणार आहे.

कापूस विकला की पैसा कुठे जातो, हे तुम्हाला माहीत आहे. आधी कृषी केंद्राची उधारी, मग सोसायटी, मग उरलं तर घर. पण कोंबडी विकली की पैसा बाईच्या हातात येतो. लेकराला ताप आला, वही-पेन हवं झालं, पाहुणा दारात आला, की खुराड्याकडे नजर जाते. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, पण ती उकिरड्यावर चरून जगते, स्वतः अंडी उबवते, पिल्लं सांभाळते. पिल्लांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा प्रभू येशूनंही दिली, ती उगाच नाही. म्हणून खुराडं एका आठवड्यात रिकामं होतं तेव्हा घरातली बँक बुडते, आणि ती बाईची बँक असते.

काही वर्षांपूर्वी, चैत्रात, एका वस्तीवर असंच झालं. गावाचं नाव सांगत नाही. आठ-दहा दिवसांत जवळपास सगळ्या घरच्या कोंबड्या मेल्या. वाचल्या त्या फक्त वस्तीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या आजीच्या. मग कुजबुज सुरू झाली. ‘त्या बुढीच्याच कोंबड्या कशा वाचल्या?’ दोन दिवसांत कुजबुजीचं बोट झालं. पाण्याला गेली तर बाया बाजूला सरकू लागल्या. मी गेले तेव्हा आजी दाराला कडी लावून आत बसली होती.

मी घरोघरी एकच प्रश्न विचारला, पहिली कोंबडी कोणाची मेली? विचारता विचारता उत्तर सापडलं. एका घरी लग्न होतं. लग्नासाठी बाजारातून दोन कोंबडे आणले होते. त्यातला एक मलूल होता, त्याला आधी कापला. पिसं आणि आतडी उकिरड्यावर टाकली. वस्तीभरच्या कोंबड्या तिथेच चरत. पाच-सहा दिवसांनी मर सुरू झाली. आजीचं घर नाल्यापलीकडे. तिच्या कोंबड्या त्या उकिरड्यावर येतच नव्हत्या. वाचण्याचं कारण एवढंच होतं.

तो रोग होता राणीखेत. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात. १९२७ साली हिमालयातल्या राणीखेत गावी तो आपल्या देशात प्रथम ओळखला गेला, म्हणून हे नाव. त्याच्या एक वर्ष आधी इंग्लंडमध्ये न्यूकॅसल शहराजवळ तो आढळला होता, म्हणून बाहेरच्या देशांत त्याला न्यूकॅसल म्हणतात. म्हणजे साहेबाच्या कोंबड्याही त्यानं मेल्या. तिथे कोणती बुढी होती?

आता रोग ओळखायचा कसा? कोंबडी बोलत नाही, पण तुम्ही चार प्रश्न विचारले तर पुष्कळ सांगते. किती मेल्या? किती दिवसांत? कोणत्या वयाच्या? आणि विष्ठा कशी होती?

लहान-मोठ्या सगळ्या वयाच्या कोंबड्या, एका घरातून दुसऱ्या घरात, भराभर मरत असतील तर आधी मानमोडीचा संशय घ्या. कोंबडी खाणं सोडते, पंख पाडून बसते, चोच उघडून श्वास घेते. हिरवट-पांढरी पातळ हगवण लागते. त्यातून चार दिवस जगली तर मान वाकडी होते, पाय किंवा पंख लुळा पडतो. हा विषाणूचा रोग आहे. एकदा लागला की त्याला औषध नाही. माणसाची गोळी अर्धी करून चोचीत घालू नका, त्यानं काही होत नाही.

फक्त पिल्लंच मरत असतील तर वय बघा. पहिल्या दोन आठवड्यांत, मागची जागा पांढऱ्या विष्ठेनं चिकटलेली असेल तर ती पांढरी हगवण. ती आईकडून अंड्यातून येते, म्हणून त्या कोंबडीची अंडी पुन्हा उबवायला ठेवू नका. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर रक्ती हगवण. ती ओल्या, घाण जागेत वाढते. हिच्यावर पाण्यातून द्यायचं औषध आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात लवकर गेलात तर पिल्लं वाचतात. खुराड्यातली ओल काढा, राख आणि चुना टाका.

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या धरल्या तर ती देवी. डास पसरवतात. हळूहळू पसरते, आणि मोठ्या कोंबड्या बहुतेक वाचतात. आजारी कोंबडी वेगळी ठेवा, खपल्या ओरबाडू नका. हिचीही लस मिळते. तोंड सुजलं, नाकातून घाण वासाचा शेंबूड आला तर ती सर्दी. औषधानं बरी होते, पण बरी झालेली कोंबडीही इतरांना रोग देऊ शकते, हे लक्षात ठेवा. आणि काही न होता कोंबडी नुसती वाळत चालली तर जंत आणि उवा बघा. जंताचं औषध द्या, आणि लोळायला कोरड्या राखेचा खड्डा करून द्या. तुमच्या आज्या हे करतच होत्या.

आता मानमोडीकडे परत येते, कारण खुराडं रिकामं करणारा रोग तोच. उपाय एकच, आधी लस. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा. आठ आठवडे झाल्यावर पंखाखाली आर-टू-बी लसीचं अर्ध्या मिलिलिटरचं इंजेक्शन. हे मोठ्या पक्ष्यालाच द्यायचं, लहान पिल्लाला नाही. पुढची लस केव्हा, ते डॉक्टर सांगतील. राज्य शासनाची संस्था पुण्यात औंधला आहे, तिथे ही लस तयार होते. लस महागही नाही. मग अडतं कुठे?

अडतं कुपीत. एक कुपी शंभर कोंबड्यांची असते. तुमच्या घरी कोंबड्या किती? आठ, दहा, फार तर पंधरा. कुपी उघडून औषध कालवलं की तास-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली उद्या चालत नाही. म्हणून एकटी बाई लस आणत नाही, आणि एकटीनं आणली तरी शेजारच्या खुराड्यात रोग राहतोच. पण दहा घरं एकत्र आली की एक कुपी बरोबर पुरते. गट बचतीसाठी जमतो, तसाच लसीसाठी जमला पाहिजे.

दुसरं अडतं उन्हात. इथे माझी चूक सांगते. पहिल्यांदा मी लस आणली ती मे महिन्यात, दुपारी, खांद्यावरच्या पिशवीत. बर्फ नाही, काही नाही. वस्तीवर पोचेपर्यंत तास गेला. सगळ्या कोंबड्यांना मोठ्या उत्साहानं टोचलं. पंधरवड्यानं मर आली आणि टोचलेल्या कोंबड्या मेल्या. बाया म्हणाल्या, ‘ताई, तुमच्या सुईनंच मेल्या.’ सुईनं नव्हत्या मेल्या, पण लस मीच वाटेत मारली होती. ही लस दोन ते आठ अंश थंडाव्यात ठेवावी लागते. वर्ध्याचा उन्हाळा तिला मिनिटभरही मानवत नाही. त्या वस्तीनं पुढे दोन वर्षं मला लस काढू दिली नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

म्हणून आता नियम असा. लस फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आधी. थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची. आदल्या रात्री सगळ्यांनी कोंबड्या खुराड्यात, डालग्याखाली कोंडायच्या. सकाळी उजाडताच, कोंबड्या सोडण्याआधी, घरोघरी टोचणी. फक्त निरोगी कोंबड्यांना. ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात. रोग आल्यावर धावत जाऊन टोचलं तर उपयोग होत नाही.

आणि मर आलीच तर? सगळ्यात मोठा मोह म्हणजे उरलेल्या कोंबड्या बाजारात नेऊन विकणं. मला कळतं, चार पैसे वाचवायचे असतात. पण लग्नघरी आलेला तो मलूल कोंबडा कोणीतरी असाच विकलेला होता. आपण विकलेला रोग दुसऱ्या वस्तीवरची बाई विकत घेते. विकू नका, नातेवाइकाकडे पाठवू नका. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा कुत्र्यापुढे टाकू नका. खोल खड्डा, वर चुना, वर माती. हात लावताना नाकाला फडकं, हाताला प्लास्टिकची पिशवी, नंतर साबण. बाजारातून नवी कोंबडी आणली तर तीन आठवडे वेगळी कोंडा.

आणि दवाखान्यात कळवा. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा नंबर आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तोही आदिवासी भाग. सुरुवातीला तिथली मरतुक राणीखेतचीच समजली गेली होती. दोन्ही रोग वरून सारखे दिसतात, फरक प्रयोगशाळेतच कळतो. बर्ड फ्लू माणसालाही होऊ शकतो, म्हणून लपवणं धोक्याचं आहे. अशा वेळी सरकार जे पक्षी नष्ट करतं त्यांची भरपाई देतं, आधीच मेलेल्यांची नाही. उशिरा कळवणाऱ्याचं दुप्पट नुकसान होतं. २००९ च्या केंद्रीय कायद्यानं तर हे रोग कळवणं बंधनकारक केलं आहे.

शेवटी त्या आजीबद्दल. त्या दिवशी संध्याकाळी चार बाया माझ्याबरोबर नाल्यापलीकडे आल्या. कोणी माफी मागितली नाही, आपल्याकडे तशी रीत नाही. त्यांनी आजीकडे उबवायला अंडी मागितली. आजीनं कडी काढली आणि टोपली बाहेर आणली. त्या वस्तीवर आज ज्या कोंबड्या चरतात त्यातल्या कितीतरी त्या अंड्यांच्या आहेत.

आज जाताना प्रत्येक गटानं आपल्या वस्तीवरच्या कोंबड्या मोजून आकडा वहीत लिहून द्यावा. किती कुप्या लागतील ते त्यावरून ठरवू. थर्मास आणि बर्फ माझ्याकडे. कोंबड्या कोंडणं तुमच्याकडे.

जय सेवा.