दिंडी शिकलो ती तंजावरास



परप्रांताची कला शिकावयास निघालेल्या माणसाच्या अंगी थोडा ताठा असतो. आपण काही औदार्य दाखवीत आहोत, असे त्याला मनातून वाटत असते. आमच्याही अंगी तो होता. सुमारे वीस वर्षांपूर्वी तमिळ हरिकथा शिकावी म्हणून आम्ही तंजावरास एका वृद्ध भागवतरांकडे गेलो. त्यागराजांच्या कृतींपासून पाठ सुरू होईल अशी आमची कल्पना. त्यांनी आमच्या हाती ठेवल्या त्या चिपळ्या! ‘चिप्लाकट्टै’ असे ते त्यांस म्हणत. कट्टै म्हणजे लाकूड. मग मोडक्या हिंदीत म्हणाले, “सार, पहिले दिंडी गाइये.”

दिंडी, आणि तीही मराठी!

ह्यामागचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले आणि भोसल्यांची गादी तेथे १८५५पर्यंत नांदली. राज्य खालसा झाले तरी आपल्या कीर्तनकारांची तिकडची वाट बंद झाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकरांची कीर्तने तंजावरात गाजली. ती ऐकून तंजावर कृष्ण भागवतर ह्या तरुण तमिळ कथेकऱ्याने आपली कथा मुळापासून नवी बांधली. साकी, दिंडी, ओवी, अभंग हा सगळा सरंजाम त्यांनी उचलला. त्यात त्यागराजांच्या कृती गोवल्या, मृदंग जोडला, निरूपण तमिळमध्ये केले. भागवतर १९०३ साली वारले, पण आजची तमिळ हरिकथा त्यांनाच आद्यपुरुष मानते. आम्ही शिकावयास गेलो होतो ती ‘परकी’ कला ती ही.

असो. आम्ही दिंडी म्हटली. शाळेत पाठ केलेली होती, तेव्हा जड काय जाणार? भागवतरांनी दुसऱ्याच चरणात हात वर केला. दिंडीच्या चरणात १९ मात्रा. नवव्या मात्रेवर विसावा. आम्ही अर्थाच्या भरात तो विसावा गिळून पुढे धावलो होतो. त्यांनी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजून दाखवल्या, आणि मग स्वतः म्हटले. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांस ठाऊक नव्हता, हे आम्हांस नंतर कळले. आम्हांस अर्थ ठाऊक होता, आणि दिंडी मात्र त्यांच्याकडे होती. त्या दिवशी कान तापले ते खरे.

आता आमचा खोडसाळपणाही सांगतो. त्यांची वही तमिळ लिपीत होती. क, ख, ग, घ ह्या चौघांना त्या लिपीत एकच अक्षर. म्हणून अक्षरांच्या खांद्यावर २, ३, ४ असे बारीक आकडे घातलेले. एवढी काळजी घेऊनही ‘चांदणे’ मधला च त्यांनी ‘चंद्र’ मधल्यासारखा म्हटला. आम्ही टपलेलेच होतो, चूक दाखवली. ते काही बोलले नाहीत. आम्हांस वाटले, गुरुमुखातून आलेले म्हातारा कशाला बदलील? दुसऱ्या दिवशी पाहतो तो वहीतल्या त्या च वर पेन्सिलीची एक नवी खूण, आणि तिच्यामागे पाने चाळून शोधलेले आणखी कितीतरी च. “हा कसा? आणि हा?” असे एकेक विचारीत त्यांनी सकाळ घालवली. वय तेव्हा सत्तरीच्या पुढे.

त्याची परतफेड आम्हांस करावी लागलीच. ‘तमिळ’ ह्या नावातले अखेरचे अक्षर आपण ळ म्हणून मोकळे होतो. खरे ते तसे नाही. जीभ मागे वळवावी, पण टाळूस टेकवू नये. तीन आठवडे त्यांनी आमच्याकडून तेवढेच घोटून घेतले. रागावले नाहीत. ‘पुन्हा’ म्हणत आणि सुपारी कातरीत बसत. आमचे अक्षर अजूनही दहांत चार वेळा घसरते.

चिपळ्या आज बरोबर आणल्या आहेत. त्यांनी शिकवली तीच दिंडी, त्यांच्याच चालीवर, आता म्हणतो. नवव्या मात्रेवर चुकलो तर पुढे बसलेल्या मंडळींनी बेलाशक हात वर करावा.