पैसा सरकारी, तर अट समतेची

(राजर्षी शाहू जयंतीनिमित्त लखनौमध्ये मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



आज २६ जून. शाहू महाराजांच्या जयंतीला आरोग्य विम्यावर भाषण कशाला, असं काहींच्या मनात येईल. तुमच्यापैकी दोघा-तिघांची मुलं अमेरिकेत आहेत. तिथला विमा, ओबामाकेअर आणि आपलं आयुष्मान कार्ड यांत फरक काय, हे सांगा, असा तुमचाच आग्रह होता. मी डॉक्टर नाही. महाराष्ट्रात सात वर्षं मी आरोग्यमित्र म्हणून काम केलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात एक खिडकी असते. तिथे बसून रुग्णाचं रेशनकार्ड आणि आधार तपासायचं, नोंद करायची, उपचाराची मंजुरी येईपर्यंत पाठपुरावा करायचा, हे ते काम. इथे उत्तर प्रदेशात त्या खिडकीवर आयुष्मान मित्र असतो. मी जे सांगणार आहे ते त्या खिडकीतून दिसलेलं आहे.

सुरुवात लखनौपासूनच करू. इथल्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाला २००७ साली, मायावती मुख्यमंत्री असताना, छत्रपती शाहूजी महाराजांचं नाव दिलं गेलं. २०१२ मध्ये सरकार बदललं आणि इंग्लंडचा राजा पाटीवर परत आला. आपल्याला त्याचं वाईट वाटलं आणि ते साहजिक आहे. पण पाटीवरून नाव गेलं तरी शाहूंनी दवाखान्यांसाठी केलेलं काम कुणी पुसू शकत नाही. ते काम काय होतं, हे आपल्यालाच नीट माहीत नसतं, ही खरी अडचण आहे.

१९०२ चा पन्नास टक्के आरक्षणाचा जाहीरनामा आपल्याला पाठ आहे. १९१९ चे हुकूम फारसे कुणाला आठवत नाहीत. त्या वर्षी महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या सरकारी दवाखान्यांत, शाळांत आणि कचेऱ्यांत अस्पृश्यांना समानतेनं वागवण्याचे हुकूम काढले. ज्या नोकराला हे पटत नसेल त्यानं नोकरी सोडावी, असंही बजावलं. यातलं तत्त्व साधं आहे. दवाखाना रयतेच्या पैशावर चालतो, डॉक्टरचा पगार रयतेच्या पैशातून होतो, मग रयतेतल्या कुणालाही तो दूर ठेवू शकत नाही. महाराजांनी डॉक्टरांच्या दयाबुद्धीला हात जोडले नाहीत. त्यांनी पगाराला अट जोडली.

ही अट का लागते? बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठेवाडातल्या एका शिक्षकाची हकिकत दिली आहे. १९२९ साली ती पत्ररूपानं छापून आली होती. अस्पृश्य समाजातल्या या शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शेवटी दोन रुपये फी ठरली आणि बाईला वस्तीबाहेर आणून ठेवावं लागलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्यानं तो नवऱ्याला दिला, नवऱ्यानं बायकोला लावला. परत जाताना तो त्याच वाटेनं गेला. बाई वाचली नाही.

मैत्रिणींनो, मित्रांनो, या हकिकतीत फी ठरलेली होती. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘कव्हरेज’ होतं. उपचार मात्र झाला नाही. म्हणून कुठल्याही देशाची आरोग्य योजना तपासताना मी दोन प्रश्न विचारते. पैसे कोण भरतं? आणि पैसे घेणाऱ्यावर अट काय आहे?

आता अमेरिका. तिथे १९४६ साली हिल-बर्टन कायदा झाला आणि केंद्र सरकारच्या पैशातून गावोगाव रुग्णालयं उभी राहिली. त्याच कायद्यात काळ्यांसाठी वेगळी सोय ठेवायला मुभा होती. सरकारी पैशानं बांधलेल्या इमारतीत काळ्या रुग्णाला खाट नव्हती आणि काळ्या डॉक्टरला काम करता येत नव्हतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावच्या जॉर्ज सिमकिन्स या काळ्या दंतवैद्यानं इतर डॉक्टर आणि रुग्णांसह तिथल्या रुग्णालयांवर दावा लावला. १९६३ मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला की सरकारी पैसा घेता, तर भेदभाव करता येणार नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं हेच तत्त्व देशभर लागू केलं.

पण कायदा कागदावर राहतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तिथे त्याला दात आले ते मेडिकेअरमुळे. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. मेडिकेअर म्हणजे पासष्ट वर्षांवरच्यांसाठीचा सरकारी विमा, मेडिकेड म्हणजे गरिबांसाठीची योजना. १ जुलै १९६६ पासून मेडिकेअरचा पैसा रुग्णालयांना मिळणार होता आणि तो हवा असेल तर वर्णभेद बंद केल्याचं दाखवावं लागणार होतं. तपासनीस प्रत्यक्ष गेले. वॉर्ड वेगळे आहेत का, काळ्या-गोऱ्यांच्या रक्ताच्या बाटल्या वेगळ्या ठेवता का, जेवणाची खोली एकच आहे का, हे पाहिलं गेलं. आत काम करणारे काळे कर्मचारी त्यांना खरी माहिती पुरवत. पिढ्यान्‌पिढ्यांचे वेगळे वॉर्ड बहुतेक ठिकाणी काही महिन्यांत मोडले. गोऱ्या व्यवस्थापनाचं मन बदललं म्हणून ते मोडले नाहीत. पैसा थांबेल या भीतीनं मोडले.

अमेरिकेची ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की तिथे सर्वांसाठी एक योजना कधीच झाली नाही. विमा नोकरीला बांधलेला, म्हणून नोकरी गेली की विमाही जातो. गरिबांची योजना राज्यांच्या मर्जीवर सोडलेली. २३ मार्च २०१० च्या ओबामांच्या कायद्यानं मेडिकेड वाढवायचं ठरवलं, पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते राज्यांच्या इच्छेवर सोपवलं. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी अशा दहा राज्यांनी अजून पूर्ण विस्तार केलेला नाही. त्यातली बहुतेक दक्षिणेतली, गुलामगिरीचा इतिहास असलेली. २०२३ मध्ये त्या श्रीमंत देशात अडीच कोटींहून जास्त माणसं विम्याविना होती. २०२५ च्या कायद्यानं तर मेडिकेडच्या पैशाला कात्री लावली आणि विस्तारात आलेल्या प्रौढांवर महिन्याला ऐंशी तास कामाची अट घातली. म्हणजे तिथेही अट आहेच. १९६६ मध्ये ती रुग्णालयावर होती, आता गरिबावर आली.

हे लक्षात ठेवून आपल्याकडे येऊ. या सभागृहात कुणी रेल्वेतलं आहे, कुणी केंद्र सरकारच्या कार्यालयातलं, कुणी बँकेतलं. आपल्यापैकी बहुतेकांकडे कुठलं ना कुठलं कार्ड आहे आणि ते आरक्षणामुळे मिळालेल्या नोकरीतून आलं आहे. याची लाज नको, आठवण हवी.

भारतात कामगारांच्या आरोग्य विम्याची सुरुवात इथून दीड-दोन तासांवर, कानपूरला झाली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांचा औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अहवाल आला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. तोच हा ईएसआय. मालक आणि कामगार दोघांनी पैसे भरायचे आणि त्यातून दवाखाना, औषध, आजारपणाची रजा, बाळंतपण, सगळं. १९५४ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस आली. शेतमजूर, घरकामगार, कचरावेचक मात्र बाहेर राहिले. त्यांच्यासाठी २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, तीही तीस हजारांची. मग २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांची.

बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. आपली आरोग्य व्यवस्थाही तशीच पायऱ्यांची आहे. वरच्या पायरीवर साध्या तापाच्या गोळीपासून सगळं मिळतं. खालच्या पायरीवर दाखल झाल्याशिवाय काही मिळत नाही. आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस धरले जातात. रक्तदाबाची किंवा साखरेची रोजची गोळी त्यात नाही. म्हणजे गोळी परवडली नाही म्हणून पक्षाघात झाला, तर योजना सुरू होते.

पायरीवर कुणाला चढू द्यायचं, हेही पाहा. आयुष्मानची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून केली. खेड्यात अनुसूचित जाती-जमातीचं घर हा एक निकष होता. शहरात मात्र जात हा निकषच नाही, तिथे व्यवसाय बघितला: कचरावेचक, सफाई कामगार, घरकामगार वगैरे अकरा गट. गाव सोडून शहरात आलेला दलित मजूर व्यवसायाच्या रकान्यात बसला नाही, तर यादीतून गळाला. आणि ज्या गणनेच्या नावातच जात आहे, तिची जातवार आकडेवारी सरकारनं कधी पूर्ण जाहीर केली नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं फुले योजना सर्व रेशनकार्डांसाठी खुली करायचं ठरवलं, २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान लागू झाली. ही पावलं चांगली आहेत. यादी जितकी मोठी, तितकं गळणं कमी.

पण यादीत येऊन काय होतं? मी ज्या रुग्णालयात बसायचे, त्याचं नाव घेत नाही. तिथे योजनेचे रुग्ण एका वॉर्डात आणि पैसे भरणारे दुसऱ्या मजल्यावर. कर्मचारी आमच्या रुग्णांना ‘योजनावाले’ म्हणत. पाणी भरायची जागासुद्धा वेगळी. कुणी जात विचारत नव्हतं, कारण विचारायची गरजच नव्हती. कार्डाच्या रंगावरून काम भागत होतं.

तिथली एक सफाई करणारी बाई पित्ताशयाच्या खड्यांनी बेजार झाली आणि माझ्या खिडकीशी आली. लग्नानंतर तिचं नाव रेशनकार्डावर चढलेलं नव्हतं. ती ठेकेदाराकडे होती आणि ठेकेदारानं तिचा ईएसआय कधी भरलाच नव्हता. ज्या वॉर्डाची फरशी ती रोज पुसायची, तिथे दाखल व्हायला तिला तीन आठवडे लागले. महिन्याला एकवीस हजारांपर्यंत पगार असेल तर ती ईएसआयच्या कायद्यात बसते. ठेकेदारानं वर्गणी भरली नाही, तरी ती भरायची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे रुग्णालयावर येते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तेच रुग्णालय दर महिन्याला सरकारी योजनेचे पैसे घेत होतं.

शाहूंची अट इथे हवी. योजनेत रुग्णालय घेताना खाटा मोजतात, यंत्रं मोजतात, डॉक्टरांच्या पदव्या बघतात. त्यात आणखी चार गोष्टी घाला, ही आपली मागणी असली पाहिजे. एक, वॉर्ड एक आणि रांग एक, पैसे कुणीही भरो. दोन, किती दावे मंजूर झाले आणि किती फेटाळले, याचा नावं न देता जातवार हिशेब दरवर्षी जाहीर. तीन, सफाई, लाँड्री आणि वॉर्डबॉयच्या कामावरच्या प्रत्येक कंत्राटी माणसाचा ईएसआय भरल्याशिवाय रुग्णालयाचं बिल निघणार नाही. चार, सरकारी दवाखान्यात बाह्यरुग्णाची रोजची औषधं मोफत आणि कायम उपलब्ध, कारण शेवटच्या माणसाचा दवाखाना तोच आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के करू असं लिहिलं होतं. त्याचा जाबही विचारायचा आहे.

ही मागणी अशक्य आहे असं कुणी म्हणेल. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दिल्लीत स्वस्त जमीन घेतलेल्या खाजगी रुग्णालयांना गरिबांवर मोफत उपचार करावे लागतात आणि सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. अंमलबजावणीत पळवाटा आहेत, पण तत्त्व मान्य झालेलं आहे: जनतेकडून घेतलंत, तर जनतेची अट पाळा.

शेवटी एक काम सांगते, ते आपल्या हातातलं आहे. आपल्यातले बरेच जण सीजीएचएस किंवा रेल्वेच्या कार्डावर खाजगी रुग्णालयात जातात आणि तिथे आपला शब्द थोडाफार ऐकला जातो. पुढच्या वेळी गेलात की तुमची खोली पुसायला येणाऱ्या बाईला तिचा ईएसआय नंबर आहे का, ते विचारा. नसेल तर तिच्याशी बोला, आणि तिची हरकत नसेल तर तिचं नाव न घेता प्रशासनाला लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर तक्रार ईएसआयच्या कार्यालयात द्या. अमेरिकेत तपासनिसांना आतली माहिती काळ्या कर्मचाऱ्यांनी दिली होती. इथे आत काम करणारी माणसं आपलीच आहेत. त्यांच्या बाजूनं लिहायला बाहेर कुणीतरी हवं.

जय शाहू, जय भीम.