पत्ता सांगणारी मुलगी
(आशागड येथे मंडळीच्या सभेत एका निवृत्त परिचारिका भगिनीने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला त्वचेच्या आजारांवर बोलायला सांगितलं आहे. खाज, पुरळ, नायटा. कुणाला वाटेल, त्यासाठी सभा कशाला? पण डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर फिरताना मी हेच पाहिलं, की ताप आला तर माणूस दवाखान्यात जातो, खाज आली तर जात नाही. "अंगावर उठलंय, जाईल आपोआप," असं म्हणून महिने काढतो.

२ राजे, अध्याय ५ मधली नामानाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. अरामाचा मोठा सेनापती, पण अंगाला कोड. त्या काळी त्वचेच्या बऱ्याच आजारांना एकच नाव होतं, म्हणून त्याला नेमकं काय झालं होतं हे आज सांगता येत नाही. त्याला बरं होण्याची वाट दाखवली ती त्याच्या घरात काम करणाऱ्या, कैद करून आणलेल्या एका लहान मुलीनं. शोमरोनात एक संदेष्टा आहे, एवढंच तिनं सांगितलं. तिच्याकडे औषध नव्हतं, पण पत्ता होता. तरी नामान आधी चुकीच्या दारात गेला, थेट राजाकडे. आणि अलीशानं यार्देनेत सात वेळा बुडी मारायला सांगितली, तेव्हा इतक्या साध्या उपायाचा त्याला राग आला. चाकरांनी समजूत घातली म्हणून तो नदीत उतरला.

आपल्या पाड्यांवरची अडचण हीच आहे. उपाय साधा आणि जवळ आहे. पण पत्ता सांगणारं कुणी नसतं, आधी चुकीचं दार गाठलं जातं, आणि सातव्या बुडीपर्यंत कुणी थांबत नाही.

आता एकेक आजार पाहू. उन्हाळ्यात लहान मुलांच्या मानेवर, पाठीवर बारीक पुरळ येतं ते बहुधा घामोळं. सैल सुती कपडे घाला, गार पाण्यानं अंग पुसा, सावलीत ठेवा; ते बसतं. भातलावणीत दिवसदिवस चिखलात उभं राहून पायाच्या बोटांत चिखल्या होतात. रोज संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं हा निम्मा उपाय, उरलेला दवाखान्यातल्या मलमाचा.

खरजेचं मात्र वेगळं आहे. डोळ्यांना नीट दिसणारही नाही असा बारीक किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कंबरेला, काखेत खाज, आणि रात्री जास्त. एका घरात दोघांना रात्रीची खाज असेल तर खरजेचाच संशय घ्यावा. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं खरजेला उष्ण प्रदेशातल्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. दुर्लक्षित, हा शब्द लक्षात ठेवा.

एका पाड्यावरची आई मला म्हणाली होती, "बाई, एकट्या पोरालाच झालंय, एकच ट्यूब द्या." मीही दिली. महिन्यानं तेच पोर, तीच खाज, आणि आता धाकटी बहीणसुद्धा. चूक माझी होती. पहिल्यांदा खरूज लागली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर माणूस निरोगी दिसतो आणि सोबत झोपणाऱ्याला किडा देत राहतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री औषध लावायचं.

परमेथ्रिन नावाचं पाच टक्क्यांचं मलम मिळतं. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, कुठंही जागा न सोडता लावायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी अंघोळ करायची. मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण ३० ग्रॅम लागतं. सात जणांच्या घरात एक ट्यूब काय पुरणार? आठवड्यानं पुन्हा एकदा तसंच. तान्ही बाळं, गरोदर बाया यांना काय आणि किती लावायचं हे डॉक्टरांनाच विचारा. त्याच सकाळी कपडे, गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत चार दिवस घट्ट बांधून ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. किडा मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. तेवढ्यानं घाबरून रोज रोज मलम चोपडू नका.

खरूज साधी वाटते, पण खाजवून जखमा होतात, त्यात पू होतो, आणि काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. सकाळी मुलाचा चेहरा सुजलेला, लघवी कमी आणि चहासारखी तांबूस, असं दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. ताप आणि अंगभर पुरळ, फोड, जांभळे डाग, श्वासाचा त्रास, यातही थांबू नका. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

नायट्याचं दुखणं चुकीच्या दाराचं आहे. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली ट्यूब येते. त्यात स्टिरॉइड असतं. चार दिवसांत खाज थांबते, लाली जाते, सगळ्यांना औषध गुणकारी वाटतं. पण आतली बुरशी मरत नाही, पसरते. आणि कातडी पातळ होते. २०१८ साली सरकारनं अशी काही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती घराघरात सापडतात. नायट्याला योग्य औषध कित्येक आठवडे लागतं आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवावं लागतं. सहाव्या बुडीला नामान बाहेर आला असता, तर?

आता ज्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते तो आजार. खरूज निदान ओरडून सांगते. कुष्ठरोगाचा चट्टा गप्प असतो. फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा. तिथं स्पर्श कळत नाही. त्रास नाही म्हणून माणूस येत नाही, आणि येतो तेव्हा बोटं वाकलेली असतात. असे एक बाबा मला भेटले होते. चुलीवरचं गरम भांडं हातानं उचलत, भाजल्याचं त्यांना कळतच नसे. चट्टा किती वर्षं होता विचारलं, तर म्हणाले, "खाजत नव्हता, मग कशाला दाखवू?"

२००५ साली देशातलं कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजार लोकांमागे एकाच्या खाली आलं आणि बऱ्याच जणांना वाटलं, रोग संपला. आपल्या पालघर जिल्ह्यात नवे रुग्ण अजून सापडतात. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सननं याचे जंतू शोधले. हा शाप नाही, पूर्वजांचं पाप नाही. गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सौम्य प्रकाराला सहा महिने, दुसऱ्याला बारा. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची भीती फार लवकर जाते. त्याला घराबाहेर काढायचं कारण नाही. आपल्या प्रभूनं तर अशा माणसाला आधी हात लावला.

पण बारा महिने म्हणजे काय, ते आपल्या माणसांना विचारा. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो, पावसाच्या तोंडावर परततो. म्हणून निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगा, उपचाराचं कार्ड सोबत न्या, आणि जिथं जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात ते दाखवा.

डॉक्टर कुठं शोधायचा? सुरुवात पाड्यावरच्या आशाताईपासून. मग आपलं आशागडचं प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढं डहाणू आणि कासा इथली उपजिल्हा रुग्णालयं, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचारांना पैसे लागत नाहीत. जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूब न्या, रिकाम्यासुद्धा. घरात आणखी कुणाला खाज आहे ते सांगा. न खाजणारा चट्टा असेल तर तो स्वतःहून दाखवा. औषध किती दिवस, आणि परत कधी यायचं, हे विचारल्याशिवाय उठू नका. भगताकडे जाणाऱ्याशी भांडू नका; तिकडे गेलास तरी इकडेही ये, एवढं म्हणा.

फुकट असूनही माणूस का येत नाही? एका दिवसाची मजुरी बुडते, रिक्षाचं भाडं पडतं, आणि वारली बोलणाऱ्या म्हाताऱ्या आईला कागद आणि खिडक्या यांची भीती वाटते. तिला औषधाआधी सोबत हवी आहे.

म्हणून मंडळीतल्या तरुण मुलामुलींना माझी विनंती आहे: महिन्यातून एक सकाळ द्या, आणि एका घराला दवाखान्यात घेऊन जा. दूर राहून या कार्याला हातभार लावणाऱ्यांना सांगते: एका घराचं जाण्यायेण्याचं भाडं आणि केंद्रात साठा कमी पडला तर सगळ्या घराला पुरेल एवढं मलम, एवढं दिलंत तरी एका घराची रात्रीची झोप परत येते.

शास्त्रात त्या मुलीचं नाव दिलेलं नाही. आपलंही कुठं छापून येणार नाही. उद्या शेजारच्या ओट्यावर एखादं पोर बोटांच्या बेचक्या खाजवताना दिसलं, तर थांबा, आणि त्याच्या आईला पत्ता सांगा.

प्रभू आपल्या सर्वांच्या हातांना आशीर्वाद देवो. आमेन.