करणीयुक्त अपूर्णांकांची बेरीज
(वाशी येथील शिक्षक-संमेलनातील भाषण)



वाशीच्या शिवारात एकाच बांधालगत दोन चौरस तुकडे शेजारी शेजारी आहेत, असे समजावे. एक २ गुंठ्यांचा, दुसरा ८ गुंठ्यांचा. एका गुंठ्याचा चौरस ३३ फूट बाजूचा असतो. म्हणून ह्या तुकड्यांच्या बाजू ३३√२ व ३३√८ फूट होत. बांधावरील एकूण लांबी किती? पुष्कळ मुले चिन्हाखालील संख्यांची बेरीज करून ३३√१०, म्हणजे सुमारे १०४ फूट, असे सांगतात. दोर धरून पाहिल्यास लांबी १४० फूट भरते! ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. √२ × √८ = √१६ हे मुलांनी शिकलेले असते; गुणाकाराचा तो नियम ती बेरजेत नेतात. वास्तविक √८ म्हणजे २√२. मग ३३√२ आणि ६६√२ मिळून ९९√२. एक शेर व दोन शेर मिळून तीन शेर, इतकेच.

करणी छेदात आली की घोटाळा वाढतो. १/√२ + १/√८ ह्याचे उत्तर २/√१० असे लिहिणाऱ्या मुलास फळ्यावर स्थूल किमती काढावयास लावाव्या. १/√२ सुमारे ०.७०७, आणि त्याचे उत्तर ०.६३२. मिळविल्यावर रक्कम घटली कशी, हे तो स्वतःच विचारील. तेव्हा प्रथम छेदातील करणी घालवावी: १/√२ = √२/२ आणि १/√८ = √२/४. पुढे नेहमीचा समच्छेद. बेरीज ३√२/४, सुमारे १.०६१.

ही रीत परकी नाही. भास्कराचार्यांनी १२ व्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात करणींच्या बेरजेसाठी २ व ८, ३ व २७, आणि ३ व ७ ह्याच जोड्या घेतल्या. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात आहे. पहिल्या दोन जोड्यांची बेरीज एका करणीत होते: √१८ व √४८. तिसरीची होत नाही. √३ + √७ वेगळेच ठेवावे लागते.

आठवीत √२ संख्यारेषेवर दाखविली जाते. बेरजेची समजूत तेथेच घालता येते, नववीची वाट पाहावयास नको. ज्या मुलाने √३ + √७ तसेच ठेवले, त्याच्या वहीत ‘उत्तर अपुरे’ असा लाल शेरा मारला जातो. पुढच्या वेळी तोच मुलगा √१० लिहितो.