गुडघ्याचा सांधा बदलल्यानंतरचे जीवन

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस हा विषय का दिला, ते या सभागृहाकडे दृष्टी टाकताच कळते. पूर्वी पंगतीत पाटावर बसणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी कितीतरी जणांनी आज भिंतीकडेच्या खुर्च्या धरल्या आहेत. सांधा बदलावा की न बदलावा, हा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो. कुटुंबवैद्य या नात्याने आम्ही त्याचे यथामती उत्तर देणार आहोत.

या विकारात हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते आणि हाडावर हाड घासू लागते. शस्त्रक्रियेत संपूर्ण गुडघा काढून टाकतात, हा समज खरा नव्हे. झिजलेला पृष्ठभाग तासून त्यावर धातूचे आवरण बसवितात व मध्ये पॉलिएथिलीनची चकती ठेवितात. आजच्या पद्धतीचा पाया १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क येथे डॉ. जॉन इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला.

परंतु घाई करू नये. २०१५ साली डेन्मार्कमधील शंभर रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम अधिक पडला, हे खरे. पण त्यांच्यात गंभीर उपद्रवही अधिक आढळले. केवळ व्यायाम, आहारनियमन आदी उपाय ज्यांना दिले, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना वर्षभरात शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. म्हणून आधी वजन उतरवावे, मांडीचे स्नायू बळकट करावे. आणि एवढे करूनही रात्रीची झोप व घरातली ये-जा दुखण्याने हिरावली जात असेल, तर मग शस्त्रक्रियेस भिऊ नये.

त्यानंतरचे जीवन कसे असते? बहुतेकांची वेदना पुष्कळ कमी होते. बाजारहाट, देवदर्शन, जिना चढणे पुन्हा साधते. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार शंभरांपैकी सुमारे ८२ सांधे पंचवीस वर्षे टिकतात. तथापि शंभरांतील पंधरा-वीस जण पूर्ण समाधानी नसतात, हेही आधीच जाणून घ्यावे. जखमेच्या बाहेरच्या बाजूस बधिरता राहते, गुडघे टेकणे अवघड जाते, आणि उकिडवे बसणे बहुतेकांना साधत नाही. मांडी घालून बसण्याविषयी आपल्या शल्यविशारदांस स्पष्ट विचारावे.

खरे यश शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामावर अवलंबून असते. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा वाकविण्याचा व सरळ करण्याचा अभ्यास टाळला, तर सांधा आखडतो. सुधारणा वर्षभर होत राहते. येथे घरच्या माणसांची कसोटी लागते. “आई, तू स्वस्थ पड,” असे प्रेमाने म्हणणारा मुलगा नकळत तिचे अहित करतो. तिला धीर देऊन चालविणे, हीच खरी सेवा होय.

आमच्या भगिनींस एक विनंती आहे. स्वतःचे दुखणे शेवटी सांगावयाचे, हा आपल्या घरांचा जुना रिवाज आहे. पाय वाकडे होईपर्यंत सोसून मग वैद्याकडे येणाऱ्या माता आम्ही पुष्कळ पाहिल्या. खर्चाचे भयही त्यामागे असते. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली व कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत त्या वेळी कर वगळून ५४,७२० रुपये ठरविली. रुग्णालयाचा व शल्यविशारदांचा खर्च मात्र त्यात येत नाही. म्हणून सर्व हिशेब आधी लेखी मागून घ्यावा.

शेवटी संस्थेच्या चालकांस दोन सूचना. कार्यालयात पंगतीबरोबर टेबल-खुर्चीचीही व्यवस्था असावी, आणि तीत बसणाऱ्यास कोणी वेगळे लेखू नये. दुसरे, वॉकर, काठी, उंच बैठकीची खुर्ची ही साधने काही महिन्यांपुरतीच लागतात. ज्यांचे काम संपले त्यांनी ती संस्थेस द्यावी आणि गरजूंनी येथून न्यावी. एकाच्या घरी कोपऱ्यात पडलेली काठी दुसऱ्या ज्ञातिबांधवास उभे करील.