लेकीचा हक्क



 

शाळेच्या या बक्षीस समारंभासाठी प्राचार्या मॅडमनी मला विषय दिला, की ख्रिस्ती श्रद्धेमुळे माणसाला जे आत्मिक हक्क मिळतात, ते रोजच्या जगण्यात कसे उतरवायचे यावर बोला. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. सगळी नोकरी मी परिचारिका म्हणून केली. त्यामुळे मी या विषयावर बोलणार ते एका बाईच्या आधारानं बोलणार. ती बाई याच पुण्यात राहिली, इथल्या सभांमधून बोलली, इथेच तिनं कौतुकही ऐकलं आणि बोलणीही खाल्ली. पंडिता रमाबाई.

आधी हक्क कुठले ते सांगते, कारण तुमच्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी ही शिकवण नसेल. आम्हाला लहानपणापासून शिकवतात, की जो येशूचा स्वीकार करतो त्याला देवाचं लेकरू होण्याचा अधिकार मिळतो. तो देवाला बाप म्हणू शकतो. प्रार्थना करायला त्याला मधल्या कुणाची चिठ्ठी लागत नाही. त्याच्या पापांची क्षमा होते, आणि ती त्याच्या कमाईनं नव्हे, देवाच्या कृपेनं. नाना पेठेतल्या सिटी चर्चमध्ये जा, गुरुवार पेठेत पंच हौदाच्या देवळात जा, हेच सांगितलेलं ऐकाल. आम्ही ते दर रविवारी ऐकतो, आमेन म्हणतो. आणि उपासना संपवून घरी आल्यावर भांडी घासायला येणाऱ्या मावशींना वेगळ्या कपात चहा देतो. हे मी ख्रिस्ती घरांमध्येही पाहिलेलं आहे. स्वतः देवाचं लेकरू म्हणवायचं आणि समोरच्या लेकराला दाराबाहेर बसवायचं, हे दोन्ही एका घरात नांदतं, याचं मला फार वाईट वाटतं.

रमाबाईंचं आयुष्य तुम्ही पाठ्यपुस्तकात चार ओळींत वाचलं असेल. 1858 चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईनं रमाबाईंना. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेले. उरलेली दोन भावंडं पायी देश फिरली. कलकत्त्याला पंडितांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला, लग्न झालं, मुलगी झाली आणि 1882 साली नवराही कॉलऱ्यानं गेला. त्याच वर्षी त्या कडेवर लेक मनोरमेला घेऊन पुण्यात आल्या. इथे आर्य महिला समाज काढला. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे साक्ष देताना शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करा, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा त्यांचं वय होतं चोवीस. मागच्या रांगेतल्या मुलींनो, हा आकडा लक्षात ठेवा.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वॉन्टेज इथल्या भगिनींच्या मठात राहिल्या. तिथे काय घडलं ते त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. ज्यांना समाजानं पतित म्हणून टाकलं होतं, अशा बायकांसाठी तिथे एक घर चालवलं जात होतं. रमाबाई थक्क झाल्या. धर्मशास्त्रं त्यांना तोंडपाठ होती, पण अशा बाईशी प्रेमानं बोलावं, तिची सेवा करावी, हे त्यांनी तोवर कुठे पाहिलं नव्हतं. हे कुठून आलं असं विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला मिळाली. पाच नवरे झालेली, लोकांनी वाळीत टाकलेली ती बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. सप्टेंबर 1883 मध्ये रमाबाईंनी आणि लहानग्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

या घटनेचा अर्थ मी असा लावते. आधी दिसली ती सेवा, मग शिकवण. कुणाच्या तरी रोजच्या कामात ती श्रद्धा उतरलेली होती, म्हणून ती एका परक्या, विदुषी, तर्कट बाईला दिसू शकली.

तर्कट हा शब्द मी आदरानं वापरते आहे. बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांनी डोकं गहाण ठेवलं नाही. वॉन्टेजला त्या शाकाहारीच राहिल्या. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, असं म्हणाल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्यांनी मठातल्या आपल्या मार्गदर्शक भगिनीला पत्रांवर पत्रं लिहून खडसावलं, की माझ्या सदसद्विवेकबुद्धीवर दुसऱ्या कुणाचा हुकूम चालणार नाही. बघा, देवापाशी थेट जाता येतं, मध्ये कुणी लागत नाही, हा हक्क आम्ही फक्त प्रार्थनेपुरता समजतो. रमाबाईंनी तो विचार करण्यासाठीही वापरला. गोऱ्या धर्मगुरूपुढेही त्यांनी मान तुकवली नाही, ती कुणाचा तिरस्कार वाटत होता म्हणून नव्हे. आपलं नातं देवाशी सरळ जोडलेलं आहे अशी त्यांची खात्री होती म्हणून.

हीच खात्री पुण्यातही दिसली. 1897 च्या प्लेगमध्ये, विधवा मुलींसाठी रमाबाईंनी काढलेल्या शारदा सदनातल्या एका मुलीला सरकारी प्लेग इस्पितळात नेलं, आणि तिथल्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांना खोटं ठरवलं. पण त्यांनी आपले शब्द मागे घेतले नाहीत. एक नर्स म्हणून मी तुम्हाला सांगते, इस्पितळाविरुद्ध बोलणं सोपं नसतं. त्यात आपल्याच माणसांच्या इस्पितळाविरुद्ध बोलणं तर फारच अवघड.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत हे शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. विधवा मुलींना तिथे आसरा आणि शिक्षण मिळे. पुढे महर्षी कर्व्यांशी विवाह करणाऱ्या बाया कर्वे, म्हणजे पूर्वीच्या गोदूबाई, या सदनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनी. सदनात धर्मशिक्षण दिलं जाणार नाही, असं ठरलेलं होतं. पण रमाबाई पहाटे आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत, आणि काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसू लागल्या. गावात गदारोळ झाला. केसरीनं टीकेची झोड उठवली. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

त्या पालकांची भीती मला खोटी वाटत नाही. आपलं लेकरू आपल्या हातून जाईल, ही भीती कुठल्याही आई-बापाच्या काळजाला लागणारच. आणि मी इथे जमलेल्या प्रत्येक पालकाला स्पष्ट सांगते, की कुणाच्या गरजेचा फायदा घेऊन दिलेला धर्म मला मान्य नाही. देवानं मला जे फुकट दिलं, त्याची दुसऱ्याकडून किंमत घ्यायला मी कोण? पण रमाबाईंनी दार बंद करून प्रार्थना करायला हवी होती का, या प्रश्नावर मात्र माझं मन त्यांच्या बाजूनं आहे. त्यांच्यासाठी देव म्हणजे घरातला बाप होता. बापाशी बोलताना कुणी कडी लावून घेतं का?

आणखी एक गोष्ट त्यांनी मोठ्या मोकळेपणानं लिहिली आहे. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या मनाला शांती नव्हती. धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांना वाटे. हक्क नावावर होता, पण तो आपला आहे हे आत उतरलं नव्हतं. जेव्हा उतरलं, की मी जशी आहे तशी त्याची लेक आहे, मला काही सिद्ध करायचं नाही, तेव्हापासून त्यांचं काम केवढं वाढलं! स्वतःच्या जागेची काळजी मिटलेल्या माणसाचे हात दुसऱ्यासाठी मोकळे होतात. मी हे वॉर्डात अनेकदा पाहिलं आहे. आमच्याकडे एक ज्येष्ठ सिस्टर होत्या. बेवारस म्हणून दाखल झालेल्या म्हाताऱ्याला त्या स्वतः स्पंजिंग करायच्या. कोमट पाणी घ्यायच्या, मनगटावर ओतून बघायच्या, आधी त्याचं तोंड पुसायच्या, मग मान, मग बोटांच्या बेचक्या, आणि ज्या भागाला पाणी लावायचं तेवढाच उघडा करून बाकी अंग चादरीखाली झाकून ठेवायच्या. बघायला कुणी नातेवाईक नाही, तरी पडदा ओढलेला. आम्ही शिकाऊ मुली घाई करायचो. त्या म्हणायच्या, हा कुणाचा तरी मुलगा आहे गं. एवढंच.

आता रमाबाईंचं ते वाढलेलं काम जिथे उभं राहिलं, ते केडगाव. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलात, की हडपसर, लोणी, उरुळी, यवत मागे टाकत हे स्टेशन येतं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. भुकेनं आई-वडील मरताना पाहिलेली बाई पुन्हा दुष्काळात उतरली, याचा क्षणभर विचार करा. तिथून त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या मुलींना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या माळावर त्या राहू लागल्या. तेच मुक्ती मिशन. 1900 च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

तिथे काय काय होतं! शेती, विहिरी, गोठा, हातमाग, तेलाचा घाणा, भांड्यांना कल्हई, शाळा. अंध मुलींसाठी बर्तिमी सदन होतं आणि मनोरमेनं तिथे ब्रेल आणली होती. आणि कृपा सदन होतं, समाजानं बदनाम ठरवलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला जे पाहिलं, ते पुणे जिल्ह्याच्या मातीत लावलं.

पण माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते तिथल्या छापखान्यात. खेड्यातल्या अडाणी बाईला कळेल असं बायबल हवं, म्हणून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ ग्रंथ सोप्या मराठीत आणला. तो छापला मुलींनी. आजच्या मुलांना खिळे जुळवणं ठाऊक नाही. एकेका अक्षराचा शिशाचा खिळा, तोही उलटा. समोर खणांची पेटी. काना कुठे, वेलांटी कुठे, जोडाक्षर कुठे, हे बोटांना पाठ हवं. एक ओळ जुळवायची, मग दुसरी, मग पान, मग मुद्रित काढून चुका बघायच्या आणि चुकलेला खिळा चिमट्यानं उपटून नवा बसवायचा. जात्याशिवाय ज्यांच्या हाती काही दिलं गेलं नव्हतं, ज्यांनी शिकणं म्हणजे पाप असं ऐकलं होतं, त्या मुली देवाचं वचन अक्षर-अक्षर वेचून पानावर बसवत होत्या. एका बाईनं भाषांतर केलं, बायांनी जुळवलं, बायांनीच छापलं आणि बांधलं. देवाची लेक असण्याचा हक्क म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं, तर मी त्याला त्या खणांच्या पेटीपाशी नेऊन उभं करीन.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं, ती मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तोवर त्यांचं भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं. अखंड बायबल बाहेर पडलं ते त्यांच्या पश्चात, 1924 साली. 1989 मध्ये भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

इथे बसलेल्या ख्रिस्ती मुलांना मला वेगळं सांगायचं आहे. तुम्ही या शहरात संख्येनं थोडे आहात. वर्गात कधी कुणी विचारतं, तू इथला का रे? तेव्हा गोंधळू नका. तुम्ही इथलेच. केडगावचा छापखाना इथला, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग इथले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे इथली. आणि तुम्ही देवाची लेकरं असाल, तर त्याची पहिली खूण तुमच्या शेजारच्या बाकावर दिसली पाहिजे. ज्याच्याशी कुणी डबा वाटून खात नाही, त्याच्याशेजारी तुम्ही बसता का, मी तेवढंच बघीन. परीक्षेत कॉपी न करण्याची ताकद, चूक झाली तर शिक्षा चुकवण्यासाठी खोटं न बोलण्याची ताकद, ज्यानं दुखावलं त्याला आधी हाक मारण्याची ताकद, हे सगळं क्षमा मिळालेल्या माणसाला शक्य होतं. मीही रोज त्यासाठी गुडघे टेकते.

आणि जी मुलं ख्रिस्ती नाहीत त्यांच्याकडे माझी एकच मागणी आहे. रमाबाईंना कुठल्या एका गटाच्या म्हणून बाजूला ठेवू नका. त्यांनी शिकवलेल्या मुली सगळ्या समाजातल्या होत्या.

प्राचार्या मॅडमना मी व्यासपीठावर येण्याआधी विनंती केली आहे, की पुढच्या वर्षी आठवी-नववीची एक सहल केडगावला काढा. ती संस्था आजही सुरू आहे. मॅडम हो म्हणाल्या आहेत. खर्चाला ज्या मुलांकडे पैसे नसतील, त्यांची तिकिटं माझ्याकडे. नावं वर्गशिक्षकांकडे द्या, कुणाचं नाव जाहीर होणार नाही.

आता बक्षिसांना सुरुवात करू या. मुलं केव्हाची थांबली आहेत.